करमुक्तीची भाषा करणारा उमेदवार दारात आला तर: कास्तकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक ग्रामपंचायतीची असो, जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, गावागावांतून येणारे प्रश्न फिरून तेच असतात. यंदा त्यात एक नवी भर पडली आहे. "सरकारनं करच घेऊ नये" म्हणणारे लिबर्टेरियन विचाराचे व्हिडिओ पोरं मोबाइलवर पाहतात आणि संध्याकाळी पारावर बापाशी वाद घालतात. शक्य तिथे प्रश्न पाठवणाऱ्याच्याच बोलीत ठेवला आहे. उत्तरं आमची, आणि त्यातली मतंही आमचीच. एक गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कराचे दर २०२५ अखेरचे आहेत.

१. लिबर्टेरियन म्हणजे कोण? आपल्याकडच्या कोणत्या पक्षाचे?

मोठ्या पक्षांपैकी कोणाचेच नाहीत. माणसाची मेहनत त्याची, मेहनतीचा पैसा त्याचा. सरकारनं चोर पकडावे, करार पाळायला लावावे, सीमा राखावी आणि बाकी माणसाच्या वाटेत येऊ नये, असं मानणारी ही माणसं. त्यामुळे ते कर, परवाने आणि सबसिडी यांच्या विरोधात असतात. कोणी काय खावं, काय प्यावं, कोणाशी लग्न करावं यातही त्यांना सरकार नको असतं. डावे त्यांना शेटजींचे वकील म्हणतात आणि उजव्यांना ते संस्कार सोडलेले वाटतात. अमेरिकेत त्यांचा १९७१ पासून वेगळा पक्ष आहे. अध्यक्षपदाच्या २०१६ च्या निवडणुकीत त्यांचे गॅरी जॉन्सन यांना तीन टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली, आणि तीच त्या पक्षाची आजवरची मोठी मजल.

२. "कर म्हणजे चोरी" असं ते खरंच म्हणतात, की विरोधक त्यांच्या तोंडी घालतात?

काही जण खरंच म्हणतात. रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञानं मजुरीच्या कमाईवरचा कर वेठबिगारीच्याच जातीचा ठरवला. त्याचा मुद्दा असा की आठवड्यातले काही तास तुम्ही सरकारसाठी राबता आणि त्याला तुमची संमती कोणी विचारलेली नसते. ज्यांच्या आजोबांनी मालगुजाराच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्यावर वेठ केली, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

पण सगळे इतके टोकाचे नाहीत. मिल्टन फ्रीडमन हा अमेरिकी अर्थतज्ज्ञ कर नकोच असं म्हणत नव्हता. कोणता कर सगळ्यांत कमी वाईट, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर होतं जमिनीच्या किमतीवरचा कर. हे उत्तर आपल्याकडच्या सभेत देऊन पाहा. शेतसाऱ्याच्या आठवणी असलेल्या गावात त्या उमेदवाराला चहासुद्धा मिळणार नाही.

३. हे अमेरिकेचं खूळ आहे. आमच्या वऱ्हाडात कशाले आणता?

आणायची गरज नाही, इथं ते आधीपासून आहे. फक्त त्याचा झेंडा वेगळा होता आणि छातीवर लाल बिल्ला होता. शरद जोशींची शेतकरी संघटना कापसाच्या प्रश्नावर वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळ-चंद्रपूरकडे जेवढी रुजली तेवढी फार थोड्या ठिकाणी रुजली असेल. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही त्यांची घोषणा म्हणजे याच विचाराचं मराठी रूप: सरकारनं आम्हाला काही देऊ नये आणि आमच्या मालाच्या भावात हातही घालू नये. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजुऱ्याहून वामनराव चटप विधानसभेत गेले ते याच चळवळीतून. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला बंदी असलेलं, तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कपाशीचं बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह झाला, तोही याच माळेतला. बियाणं कोणतं लावायचं हे कास्तकार ठरवेल, सरकार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्याच्याही मागे जायचं तर १९५९ मध्ये राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ च्या लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. आणि आणखी मागे जोतीराव फुले. कुणब्या-माळ्यांच्या घामातून महसूल गोळा होतो आणि तो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला लिहून दिलं. फुले कर नकोत असं म्हणत नव्हते. कर देतो कोण आणि खातो कोण, हे ते विचारत होते. आमच्या मते विदर्भातल्या मतदाराला फुल्यांचा हा प्रश्न नोझिकच्या प्रश्नापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

एक गंमत यात सांगून टाकतो. आपल्याकडे पक्ष नोंदवायचा तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे पक्का लिबर्टेरियन पक्ष काढणाऱ्याला पहिली सही खोटी करावी लागते. जोशींनी राज्यसभेत असताना ही अट काढायचा प्रयत्न केला. ती अजून तशीच आहे.

४. कास्तकाराले त इन्कम टॅक्सच नाही. मंग कर कमी झाला काय अन् वाढला काय, आमाले काय फरक?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि उमेदवारांनीच तो पेरलेला आहे. "तुम्ही कुठं कर भरता?" असं ऐकवलं की मतदाराचं तोंड बंद होतं.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकार प्राप्तिकर घेत नाही हे खरं. राज्यघटनेनं तो विषय राज्यांकडे दिला आहे, आणि आपल्या सातबाऱ्यावरच्या उत्पन्नावर तसा कर आज कोणी मागत नाही. पण कर एकाच दारानं येत नाही. कृषी केंद्रातून १,१८० रुपयांचं कीटकनाशक आणलं तर त्यातले १८० रुपये जीएसटीचे. रासायनिक कीटकनाशकावर आजही १८ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात ट्रॅक्टर, ठिबक आणि जैविक कीटकनाशकं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, पराटीवर, म्हणजे कपाशीवर, मारायचं औषध जिथं होतं तिथंच राहिलं. खतावर ५ टक्के. डिझेल जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं आणि राज्याचा व्हॅट वेगळा, आणि पंपावरच्या पावतीत दोन्ही दिसत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. दुकानदार, जिनिंगवाला, कारखानदार आपल्या खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करून घेतात. कास्तकाराची जीएसटीत नोंदणी नसते आणि तो वजा करणार कशातून? म्हणून औषधावरचा, पाइपावरचा, मोटरीवरचा कर त्याच्याच अंगावर थांबतो. प्राप्तिकर भरणाऱ्याला निदान आकडा माहीत असतो. आपल्याला तोही माहीत नाही.

बाजार समितीच्या सेसचंही असंच. कायद्यानं तो खरेदीदारानं द्यायचा. खरेदीदार तो देतोही, पण बोली लावण्याआधी डोक्यात वजा करून.

५. पण खतावर सरकार सबसिडी देते ना? घेतात त्याच्याहून जास्तच देत असतील.

खतापुरतं बोलायचं तर हो, जास्त देतात. युरियाची ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि ती बनवायला किंवा परदेशातून आणायला त्याच्या कित्येक पट खर्च येतो. ही सबसिडी सरकारकडून कंपनीला जाते, कास्तकाराच्या हाती स्वस्त पिशवी येते. हे नाकारून कोणी "शेतकऱ्याला सरकार काहीच देत नाही" म्हणत असेल तर तो भाषण ठोकतो आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजू भावाची. शरद जोशींनी तिला "उणे सबसिडी" म्हटलं: सरकारी धोरणामुळे मालाला खुल्या बाजारापेक्षा कमी भाव मिळत असेल, तर तेवढी रक्कम कास्तकाराकडून काढून घेतली असंच धरायचं. विदर्भाला याचं पुस्तकी उदाहरण नको. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. पिकवलेला कापूस फक्त सरकारला विकायचा. पलीकडे आदिलाबादला किंवा मध्य प्रदेशात भाव चांगला असला तरी गाडी सीमेवर अडवली जायची. स्वतःचा कापूस नेणारा माणूस तस्कर ठरायचा. चुकारे रखडायचे ते वेगळंच. योजना सुरू झाली ती व्यापाऱ्यांच्या लुटीतून सोडवायला आणि काही वर्षी तिनं आधारही दिला, हे जुने लोक सांगतील. पण बाहेरचा भाव चढला त्या वर्षी तिनं जे बुडवलं, त्याची पावती कोणाला मिळाली नाही. लिबर्टेरियन लोकांचं आम्हाला सगळ्यांत पटणारं म्हणणं हेच आहे: बंदीसुद्धा करच असते, फक्त अर्थसंकल्पात छापलेली नसते.

६. कर कमी करा म्हणता, अन् कापसावरचा आयात कर काढला त आमचाच भाव पडला. हे कसं?

हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारा. घाम फुटतो.

परदेशी कापसावर २०२१ मध्ये ११ टक्के आयात शुल्क लागू झालं. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं ते काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा काळ. सूतगिरण्यांना स्वस्त रुई मिळाली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर असताना खासगी खरेदीदार त्याच्या खालीच बोलू लागले. सोयाबीनचं नाटक याच्याही पुढचं. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. मे २०२५ मध्ये, निवडणूक आटोपल्यावर, कच्च्या खाद्यतेलावरचं पुन्हा उतरवलं.

आता लिबर्टेरियन उमेदवाराची पंचाईत बघा. आयात शुल्क हा कर आहे, म्हणून तत्त्वानं तो त्याला नको. पण यवतमाळच्या सभेत "परदेशी कापूस बिनशुल्क येऊ द्या" म्हणायची हिंमत कोणाची? आपल्या मतदाराचीही पंचाईत कमी नाही. डिझेलवरचा कर नको म्हणताना आपण सगळे स्वातंत्र्यवादी असतो आणि कापूस बंदरात उतरला की आपल्याला सरकार आठवतं.

शेतकरी संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं: दार उघडायचं तर दोन्ही बाजूंनी उघडा. निर्यातीवर बंदी, साठ्यावर मर्यादा, बियाण्यावर बंदी, आणि आयात तेवढी मोकळी, याला खुला बाजार म्हणत नाहीत. ब्राझीलचा किंवा अमेरिकेचा कास्तकार जे बियाणं पेरतो ते आपल्याला पेरू द्या आणि मग त्याच्याशी स्पर्धा लावा. हे म्हणणं आम्हाला न्याय्य वाटतं. पण कोरडवाहू पाच एकरवाला, ज्याच्याकडे एक हंगाम बुडाला तर दुसरा उभा करायला काही नाही, तो या स्पर्धेत पहिल्याच वर्षी आडवा होईल ही भीतीही खरी आहे. शुल्क ठेवायचं की काढायचं यावर प्रामाणिक माणसांत मतभेद असू शकतात. पेरणी झाल्यावर, मधल्या मधे, पंधरा दिवसांच्या अधिसूचनेवर ते बदलू नये, यावर मतभेद व्हायचं कारण नाही.

७. जगात कुठं असं सरकार आलं आहे का?

अर्जेंटिनात. हावियर मिलेई तिथं नोव्हेंबर २०२३ मध्ये निवडून आले. स्वतःला उघडपणे या विचाराचे म्हणवणारे ते, प्रचारात हातात करवत घेऊन फिरायचे, सरकारी खर्च कापायला.

आपल्याला यात रस असण्याचं कारण सोयाबीन. अर्जेंटिना आपल्या शेतकऱ्यांच्या सोयाबीन निर्यातीवर ३३ टक्के कर घेत असे. मिलेई तो काढणार होते. खुर्चीवर बसल्यावर तिजोरी रिकामी दिसली, तेव्हा तो लगेच काढला नाहीच, वर आयातीच्या व्यवहारांवरचा एक कर सुरुवातीला वाढवला. पुढे २०२५ मध्ये सोयाबीनवरचा दर २६ आणि वर्षअखेरीला २४ टक्क्यांवर आणला. भारतात सोयातेल येतं त्याचा मोठा वाटा अर्जेंटिनाचा, म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याला मिळालेली करसवलत वाशीमच्या बाजार समितीतल्या बोलीपर्यंत पोचू शकते.

८. असा माणूस आला त लाडकी बहीण बंद करन का?

कट्टर असेल तर करेल. पण सगळे नाही. फ्रीडमनचंच म्हणणं होतं की गरिबाला मदत करायचीच असेल तर शंभर योजना आणि त्यांचे शंभर बाबू पोसण्यापेक्षा सरळ रोख पैसे द्या. दरमहा १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात, मधे दलाल नाही, हे त्याला ताडपत्री, शिलाई मशीन आणि सायकलवाटपापेक्षा बरं वाटलं असतं. तिच्या पैशाचं काय करायचं ते ती ठरवते.

खटकणारी गोष्ट वेळेची आणि तिजोरीची. योजना २०२४ च्या जुलैपासून लागू झाली, नोव्हेंबरमध्ये मतदान झालं, आणि प्रचारात २,१०० चं आश्वासन होतं. जून २०२५ मध्ये राज्यानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. तिजोरीत पैसा एकाच ठिकाणी जमा होतो, त्यामुळे कोणता रुपया कुठं गेला असं सांगता येत नाही. पण नवऱ्याच्या बाटलीतून घेतलेले पैसे बायकोच्या खात्यात ओवाळणी म्हणून येतात, असं कोणी म्हटलं तर त्याला सरळ खोटं पाडणं अवघड आहे. दारूचा प्रश्न पुढे ११ मध्ये आहे.

९. कर नसन त रस्ता, दवाखाना, शाळा कोण बांधन? मोबाइलवाल्या पोट्ट्याले हे विचारा.

विचारलं. पोरगा म्हणतो, "आताही कोण बांधते?"

उत्तर उद्धट आहे, पण गोसीखुर्दचं धरण आठवलं की मान खाली जाते. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो १८ हजार कोटींच्या वर गेला आणि दरम्यान एक पिढी कोरडवाहूच राहिली. कर दिला म्हणजे पाणी येतं असा काही नियम नाही, हे भंडारा-नागपूरकडच्या माणसाला शिकवायला नको.

पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे दोन्ही बाजूंना बोचणारं उदाहरण आहे. ते सरकारनं बांधलेले नव्हते. गावानं आणि मालगुजारांनी, कोहळी समाजाच्या पिढीजात कसबावर, बांधले आणि राखले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि कित्येक गाळानं भरले. लिबर्टेरियन इथं टाळी वाजवेल. पण मालगुजार गाळ काढायचा तो कोणाच्या हातांनी, आणि त्या हातांना नाही म्हणायची सोय होती का? तलाव राखला गेला हे खरं, आणि वेठ होती हेही खरं.

राज्याच्या बाजूनंही एक उदाहरण ठेवतो, कारण ते विसरलं जातं. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानं रोजगार हमी कायद्यात बांधली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. मुंबईतला कारकून वर्गणी काढून मेळघाटातल्या बाईला कामाची हमी देत बसला असता का? आम्हाला वाटत नाही. हा कर सक्तीचा होता म्हणूनच ती हमी उभी राहिली.

आणि तिसरी वाट: तुकडोजी महाराजांचं श्रमदान, गाडगेबाबांचा खराटा. यात सरकारही नाही आणि बाजारही नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" अशी घोषणा देऊन ग्रामसभेत एकमतानं निर्णय घ्यायची रीत लावली, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. स्वतःची मालमत्ता, स्वतःचा निर्णय, संमतीशिवाय काही नाही: लिबर्टेरियन माणसाला याहून जास्त काय हवं? फक्त मालमत्ता एकाची नाही, गावाची आहे, एवढंच त्याला पचत नाही.

१०. घरपट्टी थकलेल्या माणसाले सरपंचकीले उभं राहता येते का?

पंचायतीचं बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नसेल तर तो अपात्र ठरतो (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम १४). म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात ग्रामपंचायतीची वसुली अचानक छान होते. वाद बहुतेक वेळा बिल बजावलं की नाही यावर होतो. हरकत घ्यायची असेल तर बिल बजावल्याचा पुरावा आधी मिळवा.

जाता जाता: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर हे एकच कर असे आहेत की पैसा कुठं गेला ते तुम्ही चालत जाऊन पाहू शकता. तरी आपण तेच बुडवतो आणि निवडणुकीत माफीचं आश्वासन मागतो. मग ग्रामपंचायत वरच्या निधीवर जगते आणि सरपंच गावापेक्षा बीडीओला घाबरतो.

११. सरकारनं माणसाच्या पिण्यात पडू नये म्हणतात. म्हणजे दारूबंदी उठवणार?

हो, तत्त्वानं ते बंदीच्या विरोधात असतात, आणि खर्रा-गुटख्यावरच्या बंदीच्याही. आपल्याकडे तीन जिल्ह्यांचा अनुभव आहे. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि चंद्रपुरात २०१५ ला आली ती २०२१ मध्ये उठवली. उठवताना सांगितलेली कारणं, अवैध दारू आणि बुडणारा महसूल, लिबर्टेरियन माणसाच्या पाठांतरातलीच होती.

पण दारूचं दुकान बंद करा म्हणून रस्त्यावर येणाऱ्या बाया काही कोणाच्या स्वातंत्र्याच्या शत्रू नसतात. ज्या घरात मजुरी तिची आणि बाटली त्याची, तिथं स्वातंत्र्य कोणाचं मोजायचं? गावपातळीवरचं "आडवी बाटली"चं मतदान आम्हाला त्यातल्या त्यात बरं वाटतं. ठरलेल्या प्रमाणात मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. निर्णय ज्यांना भोगायचा त्यांचाच. कट्टर लिबर्टेरियन यालाही बहुमताची जबरदस्ती म्हणेल. म्हणू द्या.

१२. उमेदवार स्वतः किती कर भरतो हे कसं कळन?

अर्जासोबतच्या शपथपत्रातून. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मध्ये स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि सरकारी थकबाकी लिहावी लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही मोफत पाहता येतं.

व्यवसाय "शेती" आणि मालमत्ता कोटींत असेल तर बोट ठेवून वाचा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे दुसरीकडचा पैसा शेतीच्या खात्यावर दाखवायची सोय होते. सोयाबीनला काय उतारा येतो आणि एकरी काय उरतं हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. त्यानं दाखवलेला आकडा तेवढ्या एकरांत बसतो का ते पाहा. स्वतः घेतलेल्या जमिनीची खरेदीची तारीख आणि किंमतही शपथपत्रात असते. महामार्गाची आखणी जाहीर होण्याच्या थोडं आधी त्याच पट्ट्यात वावर घेतलेलं असेल, तर करावर त्याचं काय मत आहे हे विचारायची गरज उरत नाही.

१३. मी शिक्षक आहे, पाच एकर वावरही आहे. शेतीचं उत्पन्न पूर्ण करमुक्त ना?

त्यावर थेट कर नाही, पण ते हिशेबातून सुटतही नाही. निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल आणि पगार वगैरे मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरवताना दोन्ही एकत्र धरतात आणि मग शेतीच्या वाट्याचा कर वजा करतात. परिणाम असा की पगारावरचा कर थोडा वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. निव्वळ कास्तकाराला हे लागू नाही.

१४. पोरगा पुण्यात नोकरीवर, इन्कम टॅक्स भरते. माझे पीएम किसानचे पैसे बंद होतील का?

योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. कमावता सज्ञान मुलगा वेगळा धरला जातो, त्यामुळे त्याच्या प्राप्तिकरामुळे तुमचे ६,००० बंद व्हायला नको. तुम्ही किंवा तुमच्या पत्नीनं मागच्या करनिर्धारण वर्षात प्राप्तिकर भरला असेल तर मात्र अपात्र. शाळेतून निवृत्त झालेल्यांनी महिना १०,००० पेन्शनची अटही तपासावी.

१५. वेगळा विदर्भ झाला त कर कमी होतीन का?

त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात, राज्य नवं असो की जुनं. हातात राहील डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क आणि दारू. आणि नव्या राज्याला पहिल्याच वर्षी पगार-पेन्शन द्यायचं असल्यानं यातलं काही कमी होईल असं धरून चालू नका. मागणीची खरी कारणं १९५३ चा नागपूर करार आणि दांडेकर समितीनं मोजलेला विकासाचा अनुशेष ही आहेत. त्यावर बोलायचं तर वेगळं पान लागेल.

१६. उभा राहिलेला एकही पसंत नाही. नोटा दाबला त काही होते का?

विधानसभेत आणि लोकसभेत नाही. नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढं तो निवडून येतो. महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा. म्हणजे नोटाचं बटण तिथं जेवढं चालतं तेवढं मुंबई-दिल्लीसाठी चालत नाही.

१७. सभेत माइक हाती आला अन् एकच प्रश्न विचारायचा असन, त काय विचारू?

"कर कमी करणार का" हे विचारू नका. सगळेच हो म्हणतात. "कोणता कर, आणि त्याबदल्यात कोणता खर्च" असं विचारा. कीटकनाशकावरचा १८ टक्के जीएसटी खाली आणायला तुमच्या पक्षानं जीएसटी परिषदेत कधी तोंड उघडलं का? कापसाचं शुल्क हंगामात बदलणार नाही असं लिहून देता का? फुकट काही देतो म्हणाले, तर रक्कम न विचारता कोणत्या महिन्यात बंद होईल ते विचारा. आणि उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, पोराला सांगून ठेवा; व्हिडिओ पाहण्यापलीकडे त्या मोबाइलचा तेवढा तरी उपयोग होईल.